माफीचा मजकूर

गोपाळ कृष्ण गोखल्यांची एक गोष्ट मराठी शाळांतून कित्येक पिढ्या सांगितली जात आली आहे. गुरुजींनी घरी करायला गणिते दिली. दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या, तेव्हा एकट्या गोपाळची सगळी उत्तरे बरोबर निघाली. गुरुजींनी त्याला पहिल्या जागेवर बसायला सांगितले, तर तो रडू लागला. एक गणित दुसऱ्याच्या मदतीने सोडवले होते, ही शाबासकी माझी नाही, असे त्याने सांगून टाकले. गोष्ट सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात. बक्षीस कधी पहिली जागा असते, कधी पुस्तक. तात्पर्य मात्र बदलत नाही.

या गोष्टीबद्दल माझी तक्रार एवढीच, की ती फार लवकर संपते. मुलाने खरे सांगितले, गुरुजी प्रसन्न झाले, विषय मिटला. खरेपणाची किंमत इथे कुणालाच मोजावी लागत नाही. मोठ्या माणसाच्या आयुष्यात, त्यातही एखादी संस्था किंवा पक्ष चालवणाऱ्याच्या आयुष्यात, खरे सांगितल्यावर प्रसन्न होणारे गुरुजी सहसा नसतात. अशा वेळी सचोटी म्हणजे काय आणि धैर्य म्हणजे काय, हे विचारायचे तर गोखल्यांच्याच आयुष्यातली दुसरी गोष्ट सांगावी लागते. ती पाठ्यपुस्तकात येत नाही, आली तर ओझरती. ती १८९७ सालची आहे.

गोखल्यांची इंग्रजी भाषणे आणि निवेदने मराठीत आणण्याचे काम मी काही काळ करते आहे. त्यांची भाषा अनुवादकाला मानवणारी आहे. अलंकार थोडे, आकडे पुष्कळ, आणि प्रत्येक वाक्याला आधीच्या वाक्याचा आधार. त्या साऱ्या मजकुरात एकच लहानसा दस्तऐवज असा आहे, की त्याच्यापाशी पेन थबकते. तो म्हणजे त्यांचा माफीनामा.

आधी प्रसंग सांगते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग आढळला आणि पाहता पाहता तो पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. (सव्वाशे वर्षांनी, २०२० मध्ये, राज्यांनी पुन्हा तोच कायदा बाहेर काढला.) पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि घरांची झडती घेण्याच्या कामावर गोरे सैनिक लावले गेले. स्वयंपाकघरात आणि देवघरात बूट शिरले, सामान रस्त्यावर आले, बायकांना उघड्यावर तपासले गेले. साथ खरी होती आणि माणसे मरत होती. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता त्याच १० मार्चला प्लेगने गेल्या. जुलूमही खरा होता. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणे हाच त्या काळातला पेच होता.

गोखले तेव्हा पुण्यात नव्हते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते मार्चमध्येच इंग्लंडला गेले होते. वय तीस वर्षांचे. फर्ग्युसन महाविद्यालयातला हा तरुण प्राध्यापक आयोगाच्या उलटतपासणीला पुरून उरला. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मद्रासचे जी. सुब्रमण्य अय्यर हेही साक्षीला होते. गोखल्यांचे नाव झाले ते याच दौऱ्यात, आणि ते गेले तेही याच दौऱ्यात.

पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती आणि त्यांत सैनिकांच्या वागणुकीची वर्णने होती. गोखल्यांनी ती माहिती सहानुभूती असलेल्या खासदारांपुढे ठेवली आणि 'मँचेस्टर गार्डियन'ला मुलाखत दिली. तिच्यातला सर्वांत गंभीर आरोप असा होता, की सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला. इंग्लंडमध्ये खळबळ माजली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडून साफ नकार आला. पुरावा द्या, अशी मागणी झाली.

दरम्यान २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. आयर्स्ट जागीच मेला. रँड ३ जुलैला मेला. त्यानंतर पुण्यात साक्ष द्यायला पुढे येणे म्हणजे स्वतःच्या पायाने फासाजवळ जाणे अशी हवा झाली. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. जुलैच्या अखेरीस गोखल्यांची बोट मुंबईला लागली, तेव्हा पोलिसांना त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती : पत्रे लिहिणाऱ्यांची नावे.

गोखल्यांनी नावे दिली नाहीत. ज्यांनी लिहिले होते, ते उघडपणे उभे राहायला तयार नव्हते आणि स्वतः गोखल्यांनी डोळ्यांनी काही पाहिलेले नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांशी विचारविनिमय करून, ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी वृत्तपत्रांतून जाहीर निवेदन दिले. केलेला आरोप आपण सिद्ध करू शकत नाही, तेव्हा तो करायला नको होता, असे सांगून त्यांनी गव्हर्नर, प्लेग समितीचे सदस्य आणि प्लेगच्या कामावरचे सैनिक या सर्वांची बिनशर्त माफी मागितली.

अनुवादकाचे थबकणे इथे आहे. इंग्रजीत ज्याला 'अपॉलॉजी' म्हणतात, त्याला मराठीत तीन शब्द आहेत आणि तिघांची बैठक वेगवेगळी आहे. 'क्षमा' संस्कृतातून आलेली, आणि ती मुळात क्षमा करणाराचा गुण सांगते. 'दिलगिरी' फारसीतून आली. तिच्यात मन जड झाल्याचा अर्थ आहे, पण गुन्ह्याची कबुली नाही. म्हणून तर सरकारी पत्रकांत आणि रेल्वे स्थानकांवरच्या घोषणांत दिलगिरीच व्यक्त होते. 'माफी' अरबीतून फारसीमार्गे आपल्या महसुली कागदांत आली. सारा माफ होतो, शिक्षा माफ होते. ती वरून खाली येते, म्हणून मागणाऱ्याला मान खाली घालावी लागते. शिवाय मराठी कानाला तिच्यामागे 'माफीचा साक्षीदार' ऐकू येतो, म्हणजे स्वतःची सुटका करून घेण्यासाठी साथीदारांविरुद्ध उभा राहणारा. 'अपॉलॉजी' या शब्दाचे ग्रीक मूळ तर याच्या अगदी उलट जाते. तिथे त्याचा अर्थ आरोपीने स्वतःच्या बचावासाठी केलेले भाषण असा होता.

१८९७ च्या पुण्याने गोखल्यांचा मजकूर कोणत्या शब्दात वाचला, हे ओळखणे कठीण नाही. सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. मित्रांनी सुचवूनही त्यांनी माफी मागितली नव्हती. एक माणूस तुरुंगात जातो आणि त्याच सुमारास दुसरा सैनिकांची माफी मागतो. अशा वेळी शौर्य कुणाकडे आणि भित्रेपणा कुणाकडे, हे ठरवायला लोकांना वेळ लागत नाही. आजही लागत नाही. आपल्याकडे धैर्याचे माप बहुधा तुरुंग हेच असते, आणि परकी सत्ता असताना ते माप चुकीचे होते असे कुणी म्हणणार नाही.

पण त्या मापाने सगळे मोजता येत नाही. गोखल्यांपुढे त्या आठवड्यात नेमके कोणते रस्ते होते, ते पाहावे. पहिला रस्ता नावे देण्याचा. त्याने ते स्वतः सुटले असते, पण पत्रलेखक पोलिसांच्या तावडीत सापडले असते. हा खऱ्या अर्थाने माफीच्या साक्षीदाराचा रस्ता होता आणि तो त्यांनी घेतला नाही. दुसरा रस्ता आरोपावर अडून राहण्याचा. त्याने पुण्यात जयजयकार झाला असता. मात्र पुरावा नसताना 'हे घडलेच' असे म्हणत राहावे लागले असते आणि वेल्बी आयोगापुढे आकड्यांच्या बळावर कमावलेला शब्द हळूहळू पोकळ झाला असता. तिसरा रस्ता गप्प बसण्याचा, म्हणजे लोकांच्या विस्मरणावर विसंबण्याचा. पुढाऱ्यांना हा रस्ता सर्वांत आवडतो. चौथ्या रस्त्यावर जबाबदारी पूर्णपणे स्वतःच्या अंगावर येते आणि आपलेच लोक तोंड फिरवतात. गोखल्यांनी चौथा घेतला.

रामशास्त्री प्रभुण्यांची कथा आपल्याला प्रिय आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश, आणि मग पद सोडून निघून जाणारा निःस्पृह माणूस. सत्तेपुढे ताठ उभे राहण्याचे धैर्य तिथे आहे, आणि समोरच्या गर्दीची मनातून त्याला साथ आहे. गोखल्यांच्या वाट्याला आलेला प्रसंग वेगळ्या जातीचा होता. तिथे सत्तेपुढे मान तुकवल्याचा देखावा स्वीकारून स्वतःच्या माणसांपुढे ताठ राहायचे होते. या दुसऱ्या धैर्याची आपल्याकडे लोककथा होत नाही, कारण ते दिसायला भित्रेपणासारखेच दिसते.

इथे दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण ती हलकी नाही. पुण्यात जुलूम झालाच नव्हता, असे गोखल्यांच्या माफीने सिद्ध झाले नाही. पण सरकारला तसे म्हणायची सोय झाली. एका आरोपाला पुरावा मिळाला नाही एवढ्यावरून बाकीच्या तक्रारीही पुसल्या गेल्या. सैनिकांचीसुद्धा माफी मागण्याइतके पुढे जाण्याची गरज होती का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि मलाही तो पडतो. ज्या स्त्रियांबद्दल हा सगळा वाद होता, त्यांचा आवाज या कागदांत कुठेच नाही. पत्रे पुरुषांची, मुलाखत पुरुषाची, नकार पुरुषांचा आणि माफीही पुरुषांनी पुरुषांकडे मागितलेली. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी मे महिन्यात 'बॉम्बे गार्डियन'मध्ये सरकारी प्लेग रुग्णालयातल्या स्त्रियांच्या हालांबद्दल पत्र लिहिले होते, आणि ते स्वतःच्या नावाने लिहिले होते. निनावी पत्रांवर उभा राहिलेला आरोप कोसळला, तेव्हा हा फरक फार मोठा ठरला. स्वतःचे नाव घालून तक्रार करणारी व्यक्ती किती मोलाची असते आणि तिला किती एकटे पडावे लागते, हे कुठल्याही संस्थेत काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

माफीनंतरची वर्षे गोखल्यांना जड गेली. पण ते रुसून घरी बसले नाहीत. प्लेग पुण्यात परत परत येत राहिला, तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून त्याच कामात उतरले. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले, आणि नंतर फिरोजशहा मेहतांच्या जागी मध्यवर्ती कायदेमंडळात. २६ मार्च १९०२ चे त्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण मी अनेकदा वाचले आहे. सरकार शिलकीच्या अंदाजपत्रकाची फुशारकी मारत होते. गोखल्यांनी दाखवून दिले, की देश दुष्काळाने पोळलेला असताना ही शिल्लक म्हणजे गरजेहून जास्त कर वसूल केल्याची पावती आहे. मिठावरचा कर हे त्यांचे ठळक उदाहरण होते. तो कर मणामागे अडीच रुपये होता. १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. याचे सारे श्रेय एका माणसाला देता येणार नाही. पण या भाषणांत एकही आकडा असा नाही, की ज्यासाठी नंतर शब्द मागे घ्यावा लागेल, आणि सरकारलाही ते ठाऊक होते. १८९७ चा माणूस आणि १९०२ चा माणूस यांच्यात मला हा धागा दिसतो. ज्याने पुराव्यावाचून बोलण्याची किंमत एकदा मोजली आहे, तो पुरावा हातात असताना घाबरत नाही.

हाच धागा पुढे एका संस्थेच्या बांधणीत उतरला, असे मला वाटते. १२ जून १९०५ रोजी पुण्यात गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन हे त्यांच्याबरोबरचे पहिले सदस्य. प्रत्येकाने सात प्रतिज्ञा घ्यायच्या. विचारात देश पहिला. देशसेवेतून स्वतःचा लाभ शोधायचा नाही. जात किंवा पंथ न पाहता सर्व भारतीयांना बंधू मानायचे. संस्था देईल त्या तुटपुंज्या वेतनात भागवायचे. खासगी आयुष्य शुद्ध ठेवायचे. कुणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही. संस्थेचे हेतू सतत डोळ्यांपुढे ठेवायचे. यापुढे पाच वर्षांची उमेदवारी, आणि तिचा बराच भाग अभ्यासात आणि देश पाहण्यात घालवायचा. आजच्या कानांना हे मठासारखे वाटेल. मला त्यात १८९७ चा धडा नियम होऊन बसलेला दिसतो : आधी पाहा, तपासा, मग बोला, आणि बोललात तर स्वतःच्या नावाने बोला.

या नियमाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण समाजाच्या बाहेरचे आहे. जानेवारी १९१५ मध्ये गांधी दक्षिण आफ्रिकेचा लढा गाजवून देशात परतले. गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतले, की एक वर्ष देश हिंडून पाहायचा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत द्यायचे नाही. इतक्या मोठ्या यशानंतर गप्प बसायला सांगणे सोपे नव्हते आणि ऐकणेही सोपे नव्हते. गांधींनी शब्द पाळला. गोखले १९ फेब्रुवारीला गेले. पुढे गांधींनी समाजाचे सदस्य व्हायची इच्छा दाखवली, तेव्हा सदस्यांत मतभेद झाले. आपल्यामुळे संस्थेत फूट पडू नये म्हणून गांधींनीच अर्ज मागे घेतला. संस्थापक नुकताच गेलेला, दारात त्याचा सर्वांत लाडका शिष्य उभा, आणि तरी काही सदस्य 'आमची मते जुळत नाहीत' असे सांगू शकले. संस्था धडधाकट असल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

समाजाची सदस्यसंख्या कधीच फार वाढली नाही, आणि तो बहुतांशी उच्चवर्णीय सुशिक्षितांचाच राहिला. राजकारणात मवाळांचा काळ लवकरच मावळला, आणि १९०७ च्या सुरतेच्या फुटीत काँग्रेस एकत्र ठेवणे गोखल्यांनाही जमले नाही. पण त्या लहान घरातून बाहेर पडलेली माणसे पाहिली तर हिशेब बदलतो. तमिळनाडूचे श्रीनिवास शास्त्री गोखल्यांनंतर अध्यक्ष झाले. गुजरातचे अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा, यांनी १९२२ मध्ये भिल्ल सेवा मंडळ उभे केले. नारायण मल्हार जोशी मुंबईच्या गिरणगावातून कामगार चळवळीत गेले आणि १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत अग्रभागी होते. उत्तरेत हृदयनाथ कुंझरू होते. देवधरांनी रमाबाई रानड्यांबरोबर पुण्याच्या सेवासदनाचा पाया घातला. यांची भाषा एक नव्हती, क्षेत्र एक नव्हते, मतेही एक नव्हती. पुढाऱ्याच्या सचोटीचा संस्थेला होणारा उपयोग असा असतो. त्याच्याभोवती हुजरे कमी जमतात आणि स्वतःच्या पायावर उभी राहणारी माणसे तयार होतात.

'इंटिग्रिटी' या शब्दाला मराठीत मी बहुतेक वेळा 'सचोटी' लिहिते. तो बाजारातला शब्द आहे. वजनकाट्याचा, उधारीचा, दिलेल्या शब्दाचा. मूळ लॅटिन शब्दात न तुटलेले, अखंड असे काही आहे. गणितातला पूर्णांक त्याच कुळातला. गोखल्यांनी शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले होते, हे लक्षात घेतले तर त्यांना हे नाते आवडले असते असे वाटते. आत एक आणि बाहेर एक असे ज्याचे भाग पडत नाहीत, तो पूर्णांक. पण अखंड राहायचे तर कधीकधी लोकांच्या नजरेत आपली प्रतिमा मोडू द्यावी लागते, आणि तिथे सचोटीला धैर्याची गरज लागते. नुसती सचोटी असलेला माणूस मनातल्या मनात खंतावला असता. नुसते धैर्य असलेला माणूस आरोपावर अडून बसला असता.

टिळक आणि गोखले आयुष्यभर एकमेकांचे विरोधक राहिले. गोखले गेले, तेव्हा टिळक सिंहगडावरून स्मशानात आले आणि जमलेल्यांना त्यांनी या माणसाचा कित्ता गिरवायला सांगितले. न झुकणाऱ्याने झुकलेल्याला दिलेले हे प्रमाणपत्र आहे. ते देताना टिळकांच्या मनात १८९७ होते की नाही, हे कुणी सांगू शकणार नाही.

आज कंपन्या, विद्यापीठे आणि पक्ष यांच्याकडून येणारी निवेदने मी वाचते, अधूनमधून त्यांचे अनुवादही करते. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' अशी सुरुवात असते आणि शेवटी दिलगिरी. त्यांत कर्ता नसतो, कृत्य नसते, आणि कुणी काही गमावत नाही. वकिलाने तपासलेली ही वाक्ये कुणालाच तोडत नाहीत आणि कुणालाच जोडत नाहीत. गोखल्यांच्या निवेदनात कर्ता प्रथमपुरुषी एकवचनी आहे, आरोप नावानिशी मागे घेतला आहे, आणि ज्यांनी चुकीची किंवा अपुरी माहिती दिली त्यांच्यावर बोट रोखलेले नाही.

म्हणून तिथे मी 'दिलगिरी' लिहिले नाही. 'क्षमा' हा शब्द त्या व्यवहाराला जरा जास्तच सोवळा वाटला. मी 'माफी' लिहिले, त्या शब्दाला चिकटलेल्या सगळ्या मानहानीसकट. तीच तर त्यांनी पत्करली होती.